वाकण्याचा व्यायाम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चार वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कविता बसून लिहिता की चालता चालता?" मी म्हटलं, "बसून." "मग आता चाला. जमलं तर पळा."

नाशिक जिल्हा तसा पळणाऱ्यांचा. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत ब्राँझपदक मिळवलं. आमच्या जिल्ह्यातली सर्वांत वेगवान कविता तीच. माझ्या कविता आणि मी, दोघेही संथ. फजरची नमाज आटोपून मी वडाळा-पाथर्डी रस्त्याला लागतो, तेव्हा दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली मला मागे टाकून जातात, त्याचं काही नाही; पण एकदा एका म्हशीनेही टाकलं. तरी मी त्याला पळणंच म्हणतो.

हळू पळणाऱ्याला रस्ता फार दिसतो. गाडीतून जाताना कचरा म्हणजे कडेला पसरलेला एक मळकट पट्टा असतो. पायी निघालं की तो सुटा सुटा होतो. ही गुटख्याची पुडी, हा चहाचा कप, ही कालच्या कुणाच्या तरी वाढदिवसाची केकची खोकी, हे सोनेरी कागदाचे तुकडे. महिनाभर मी हे सगळं ओलांडत पळालो. मग एका सकाळी वाटेत फुटकी बाटली दिसली. तिचा बूड वर, टोकं आकाशाकडे. मी ती ओलांडली, दहा पावलं पुढे गेलो आणि मागे वळलो.

मागे का वळलो त्याचं कारण जुनं आहे. आमचं घर तेव्हा दूध बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. अब्बा मशिदीतून परत येताना वाटेतला दगड, केळीचं साल, खिळा पायाने नाही, हाताने उचलून बाजूला ठेवायचे. आम्हा मुलांना त्याची लाज वाटायची. दादी म्हणायची, "हदीसमध्ये आहे. ईमानाच्या सत्तराहून जास्त शाखा, आणि वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणं ही त्यातली सगळ्यात खालची." लहानपणी मला वाटायचं, सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात कमी महत्त्वाची. आता वाटतं, खालची म्हणजे हाताला येईल इतकी जवळची. तर ती बाटली उचलली. मग ती घेऊन करायचं काय, हा प्रश्न आला. पळणाऱ्या माणसाच्या हातात फुटकी बाटली पाहून लोक रस्ता सोडतात, एवढं त्या दिवशी कळलं.

या प्रकाराला जगात नाव आहे हे मला मुलीने सांगितलं. प्लॉगिंग. स्वीडिश भाषेत उचलण्याला ‘प्लोका उप’ म्हणतात. त्यात पळण्याचा ‘जॉगिंग’ जोडला आणि शब्द तयार झाला. एरिक आल्स्ट्रॉम नावाच्या गृहस्थांनी २०१६ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये हे सुरू केलं आणि तिथून ते देशोदेशी गेलं. आपल्याकडे २ ऑक्टोबर २०१९ ला, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीला, देशभर अशी धाव काढण्याचं आवाहन पंतप्रधानांनी याच रेडिओवरून केलं होतं. पुण्यात विवेक गुरव या तरुणाने ‘पुणे प्लॉगर्स’ हा गट उभा केला. पुढे तो शिकायला ब्रिस्टलला गेला आणि इंग्रजांच्या देशातल्या शहरांतून तिथला कचरा उचलत धावला. त्यासाठी ब्रिटिश पंतप्रधानांच्या नावाने दिला जाणारा ‘पॉइंट्स ऑफ लाइट’ हा सन्मानही त्याला मिळाला. साहेबाच्या घरचा केर काढून साहेबाकडून शाबासकी घेणारा मराठी माणूस, म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे.

आता करायचं कसं, ते सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. तांदळाची दहा किलोची रिकामी पिशवी घ्यावी. ती फाटत नाही आणि कमरेला दोरीने बांधता येते. हातात रबरी मोजे. कापडी चालत नाहीत, ओलं आत येतं. काचेसाठी पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा डबा वेगळा. सुई, इंजेक्शनची सिरिंज दिसली तर हात लावू नये. जागा लक्षात ठेवून सफाई कर्मचाऱ्याला दाखवावी. वाकताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून खाली बसायचं. तालमीत गेलेल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको, ही बैठकच आहे. एका फेरीत माझ्या साठ-सत्तर बैठका होतात. पिशवी डाव्या हातात असेल तर परतताना उजव्या हातात घ्यावी, नाहीतर एक खांदा भरून येतो. आणि रहदारीकडे तोंड करून, रस्त्याच्या उजव्या कडेने जावं. मागून येणारा डंपर पाठीला दिसत नसतो.

पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट ध्यानात आली, कचरा रस्त्यावर सारखा पसरलेला नसतो. गतिरोधकाच्या अलीकडे पलीकडे ढीग असतो, कारण गाडी हळू झाली की काच खाली होते आणि हात बाहेर येतो. वाइन शॉपपासून चालत पाच मिनिटांवर ग्लासांचा आणि फरसाणाच्या पुड्यांचा पट्टा लागतो. पिऊन होईपर्यंत माणूस तेवढंच चालतो. रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यात घरातला केर गाठ मारलेल्या पिशवीत असतो. हा घंटागाडी चुकलेल्या घराचा. घंटागाडी ही आमच्या नाशिकची जुनी सोय, गेल्या शतकाच्या अखेरीपासूनची. पण ज्या घरातले नवरा-बायको दोघेही सातला कामाला निघतात आणि गाडी नऊला येते, तिथली पिशवी जाणार कुठे? प्रत्येक पिशवी आळशाचीच असते असं नाही. हे मला वाकायला लागल्यावर कळलं, आधी मी सगळ्यांना सरसकट शिव्या देत होतो.

दुसरी गोष्ट कळली ती वस्तूंविषयी. सिगारेटचं थोटूक कापसाचं वाटतं. ते कापूस नाही, सेल्युलोज अॅसिटेट नावाचं प्लास्टिकच आहे, पाण्यात विरघळत नाही. कागदाचा चहाचा कप कागदाचा नसतो. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा! आपण दूध पातेल्यात ओततो आणि कात्रीने पिशवीचा छोटा त्रिकोण कापून टाकतो. पिशवी भंगारात जाते, तिला भाव आहे. तो त्रिकोण मात्र कुणाच्या हाताला लागत नाही. तो केरातून गटारात, गटारातून नाल्यात. कोपरा पूर्ण न कापता चीर देऊन पिशवीलाच लटकत ठेवला, तर पिशवीबरोबर तोही जातो. एवढं एक काम आमच्या घरात मी सगळ्यांना शिकवलं. बायकोने ऐकलं, सुनेने ऐकलं. मीच अजून दोनदा विसरतो.

सर्वांत जास्त काय सापडतं, तर पुड्या. गुटख्याच्या, सुपारीच्या, तंबाखूच्या, वेफर्सच्या, शाम्पूच्या. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. माझ्या पिशवीला ती अजून कळलेली नाही. या पुड्या एका पदार्थाच्या नसतात. प्लास्टिकचा एक थर, मध्ये चंदेरी अॅल्युमिनियमचा मुलामा, वर छपाईचा आणखी एक थर. आतला माल कोरडा राहावा म्हणून हे थर एकमेकांना असे चिकटवतात, की ते पुन्हा वेगळे करणं परवडत नाही. वेगळं करता येत नाही म्हणून वितळवून नवं काही बनवता येत नाही, आणि बनवता येत नाही म्हणून भंगारवाला घेत नाही. २०१८ साली राज्याने प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली, २०२२ पासून काही एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. स्ट्रॉ गेल्या, चमचे बरेचसे गेले. पुडी राहिली.

पुडी हलकी असते. पहिल्या पावसात ती वाहत येऊन गटाराच्या जाळीवर आडवी बसते. तिच्यावर दुसरी, मग पानं, मग माती. वळिवाच्या अर्ध्या तासात रस्त्यावर गुडघाभर पाणी का साचतं, याचं एक उत्तर त्या जाळीवर असतं. आणि जे जाळीतून सुटतं ते नदीला जातं. नासर्डी काय, वालदेवी काय, शेवटी सगळं गोदावरीत. गोदेचा पूर आम्ही नाशिककर दुतोंड्या मारुतीवर मोजतो, पाणी कमरेला लागलं की छातीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती दिसेनासा झाला होता. पूर ओसरल्यावर मी घाटावर गेलो, तर झाडांच्या फांद्यांना आणि पुलांच्या कठड्यांना पिशव्या लोंबत होत्या, चिंध्या बांधलेल्या नवसाच्या झाडासारख्या. नदीने ज्याचं त्याला परत केलं होतं.

एक वस्तू मी हंगामात शोधून उचलतो, ती म्हणजे नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास तो विजेच्या खांबांवरून, बाभळीवरून लोंबत असतो. सुती दोरा उन्हापावसात कुजतो, हा वर्षभर तसाच राहतो. दुचाकीस्वाराच्या गळ्याशी तो येतो तेव्हा दिसत नाही, चालणाऱ्याला दिसतो. तो ओढून तोडायचा नाही, बोट कापतं. कात्रीने कापायचा, बोटभर तुकडे करायचे आणि मगच पिशवीत टाकायचे. नाहीतर कचऱ्याच्या ढिगावर कावळ्याचे पाय त्यात अडकतात.

आता त्या बाईंविषयी सांगतो, कारण त्या भेटल्या नसत्या तर मी हे सगळं चुकीचंच करत राहिलो असतो.

माझ्याच रस्त्यावर पहाटे एक बाई पाठीवर मोठं पोतं घेऊन यायच्या. पन्नाशीच्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. पहिले दोन-तीन महिने आम्ही एकमेकांकडे पाहून न पाहिल्यासारखं करत होतो. माझं काम तेव्हा जोरात होतं. पाण्याच्या बाटल्या, बिअरच्या बाटल्या, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, जे मोठं दिसेल ते मी आधी उचलत होतो. मोठ्या वस्तू उचलल्या की रस्ता लवकर स्वच्छ दिसतो आणि पिशवी लवकर भरते. भरलेली पिशवी मी घंटागाडीत टाकत होतो आणि खूश होऊन घरी येत होतो.

एका सकाळी त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "चाचा, एक बोलू का?"

"बोला ना ताई."

"तुमी बाटल्या उचलू नका. त्या मी नेते. तुमच्यामुळं मला आता पार फाट्यापर्यंत जावं लागतं."

मला काही सुचेना. त्या पुढे म्हणाल्या, "उचलायचंच असंल तर पुड्या उचला. त्या कुनी घेत नाय."

शरमेने माझे कान गरम झाले. मी जे पुण्य म्हणून करत होतो, ती त्यांची रोजी होती. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, पुठ्ठा, पत्रा, काच या सगळ्याला भंगाराच्या दुकानात किलोवर भाव आहे. मी तो त्यांच्या पोत्यातून काढून घंटागाडीत घालत होतो. तिथे तो ओल्या केरात मिसळून पाथर्डी शिवारातल्या खत प्रकल्पावर जात होता. म्हणजे वस्तूही वाया आणि बाईंची मजुरीही. एखाद्या गरिबाच्या ताटातली भाकरी उचलून ‘अन्न वाया जायला नको’ म्हणावं, तसं माझं चाललं होतं.

मी बी.ए. झालो, चार पुस्तकं लिहिली, पण कचऱ्याचं हे गणित मला त्या बाईंनी शिकवलं. कोणती बाटली साध्या प्लास्टिकची आणि कोणती जाड, झाकण वेगळं का ठेवायचं, पुठ्ठा ओला झाला तर भाव कसा पडतो, हे त्यांना बोटांनी कळतं. पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. तिच्यातून अशा बायकांना महापालिकेची ओळखपत्रं मिळाली, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही सांगितलं होतं की कचरा वेचणाऱ्यांना महापालिकांनी आपल्या व्यवस्थेत सामावून घ्यावं. नियम कागदावर आहेत. कागदाला भाव आहे, हे त्या बाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

ओळखपत्र म्हणजे काय चीज आहे ते मला एकदा चांगलं कळलं. डिसेंबरची पहाट होती, धुकं होतं. मी त्या दिवशी शाल पांघरली होती, डोक्यावर टोपी, हातात भरलेली पिशवी, आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीखालून पुड्या काढत होतो. गस्तीची गाडी थांबली. "काय आहे पोत्यात?" मी म्हटलं, "कचरा." त्यांना ते पटलं नाही. सरळ आहे, पहाटे पाचला कचरा कोण गोळा करतो? नाव विचारलं, सांगितलं. मग आणखी दोन प्रश्न आले, जे नाव सांगण्याआधी आले नव्हते. शेवटी मी पिशवी रस्त्यावर उलटी केली. गुटख्याच्या शे-दोनशे पुड्या पाहून त्यातला धाकटा हवालदार हसला आणि म्हणाला, "काका, एवढा खाता?" मग ते गेले. पसरलेल्या पुड्या मी पुन्हा एकेक करून भरल्या. त्या दिवशी बैठका दुप्पट झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलाचा जुना टी-शर्ट आणि पांढरे बूट घालून निघतो. तेव्हापासून मला कुणी अडवलेलं नाही. उलट लोक हात करतात, "काय काका, फिटनेस!" त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तसंच वाकणाऱ्या त्या बाईंवर मात्र सोसायट्यांचे वॉचमन ओरडतात, कुत्री धावतात. वाकणं एकच. कुणी वाकलं की व्यायाम आणि कुणी वाकलं की संशय, हे आपण बुटावरून ठरवतो. मला वाटतं, प्लॉगिंगबद्दल बोलताना ही गोष्ट आधी बोलली पाहिजे, स्वीडन नंतर.

मागे एका २ ऑक्टोबरला आमच्या भागात मोठी स्वच्छता-धाव झाली. कुणी केली ते सांगत नाही, हेतू चांगला होता. दोनशे माणसं, सगळ्यांना नवे टी-शर्ट, प्लास्टिकचे पातळ हातमोजे, पाण्याची बाटली, शेवटी खोक्यातून नाश्ता. रस्ता तासाभरात लखलखीत झाला. भाषणं झाली, फोटो झाले. भरलेल्या काळ्या पिशव्या एका झाडाखाली रचून ठेवल्या आणि सगळे घरी गेले. त्या पिशव्या कोण नेणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. गांधी जयंतीची सुटी. रात्री कुत्र्यांनी त्या फाडल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा सगळं पुन्हा रस्त्यावर होतं, शिवाय दोनशे जोड हातमोजे. म्हणून माझं ऐकाल तर उचलण्याआधी पोहोचवण्याचं ठरवा. घंटागाडी कोणत्या कोपऱ्यावर किती वाजता येते, ताईंची कुठली गल्ली किती वाजता असते, हे विचारून घ्या. पाचच माणसं असली तरी चालतात.

आपल्याकडे हे काम करून गेलेला एक माणूस आहेच. नाशिकला गाडगे महाराजांच्या नावाचा पूल आहे, त्यांनी उभी केलेली धर्मशाळा आहे. परटाच्या घरात जन्मलेले डेबूजी गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडायचे. हे आपल्याला पाठ आहे, २००० साली राज्याने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं तेव्हापासून शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण दिवस मावळल्यावर तेच कीर्तनाला उभे राहत आणि समोर बसलेल्या गावाला प्रश्न विचारत. तुम्ही असे का राहता, कर्ज काढून सण का करता, माणसाला शिवत का नाही. सकाळचा खराटा आणि संध्याकाळचा सवाल मिळून गाडगेबाबा होतात. आम्ही पळणारे सकाळचा अर्धा भाग घेतो आणि आंघोळीला जातो. पुडी बनवणाऱ्याला, जाळी साफ न करणाऱ्याला, आपल्याच घरातल्या मंडळींना सवाल करायची वेळ येते तेव्हा आमचा दम लागलेला असतो.

माझी पद्धत आता बदलली आहे. बाटली, पुठ्ठा, पत्रा यांना मी हात लावत नाही. दिसलेच तर आडोशाला, पावसाने भिजणार नाही अशा बेताने सरकवून ठेवतो. काच डब्यात, मांजा कात्रीने, आणि पिशवीत फक्त ते, ज्याला जगात काही किंमत नाही. पुड्या, थोटकं, दुधाच्या पिशवीचे कोपरे. पिशवी पूर्वीसारखी फुगत नाही, पळून आल्यावर काही केल्यासारखं वाटतही नाही. पण आमच्या वळणावरच्या गटाराची जाळी मी दर दोन दिवसांनी मोकळी करतो. यंदा जूनच्या पहिल्या पावसात तिथल्या टपरीवाल्याचं बाकडं पाण्यात गेलं नाही. त्याने मला फुकट चहा दिला. काचेच्या ग्लासात मागितला, तोही दिला.

परवा ताई वळणावर माझी वाट पाहत उभ्या होत्या. पोतं खाली ठेवलेलं. त्यातून त्यांनी एक गाठ मारलेली पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली. आत सगळ्या पुड्या, त्यांनी त्यांचा माल निवडताना बाजूला काढलेल्या.

"घ्या चाचा," त्या म्हणाल्या, "तुमचा माल."